चार हात पुढचा रस्ता

पोंभुर्ण्यातील एका धानव्यापारी कुटुंबात गेल्या महिन्यात नव्या मोटारीचा विचार चालला होता. कर्ज घ्यावे की रोख द्यावी, एवढ्या सल्ल्यासाठी मला बोलाविणे होते. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी हप्त्यांचा हिशेब विचारणाऱ्यांच्या लेखी मी अजून नोकरीतच आहे. थोरल्या नातवाने विक्रेत्याकडून आणलेले माहितीपत्रक सर्वांना वाचून दाखविले. पुढे अडथळा आला की ही गाडी आपोआप ब्रेक लावते, मार्गिका सुटू लागली तर स्वतःच सावरते, पुढच्या वाहनापासूनचे अंतर राखते. सत्तरी ओलांडलेल्या आजींनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "अरे, पहाटे साध्वीजी रस्त्याने चालत असतील, तर त्या हिला दिसतील का?"

"आजी, माणूस दिसतो ना तिला," नातू म्हणाला.

"नुसता माणूस नाही म्हणत मी. पांढरी वस्त्रे, एक वयस्कर साध्वीजी चाकाच्या खुर्चीत, खुर्ची ढकलणारी बाई, बाजूला हातात सायकल धरून चालणारा एखादा पोरगा. असे सगळे मिळून दिसेल का?"

हप्त्यांचे उत्तर पाच मिनिटांत संपले. आजींचा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आलो. स्वयंचलित वाहने आणि विमाने घडविणाऱ्या अभियंत्यांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न पोंभुर्ण्याच्या ओसरीवर इतक्या नेमक्या शब्दांत मांडला गेला होता, की या महिन्याचे सदर त्यालाच देणे भाग आहे.

प्रथम यंत्राची जमेची बाजू पाहू. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. अतिवेग हे त्यांतील सर्वांत मोठे कारण. विहारातील अपघाताची वार्ता आपल्याकडे येते तेव्हा पहाटेची वेळ आणि मागून आलेले वाहन हे दोन तपशील पुन्हा पुन्हा आढळतात. यंत्राला डुलकी लागत नाही, ते मद्य घेत नाही, मोबाईलवर बोलत नाही, आणि घरी लवकर पोहोचण्याची घाई त्याला नसते.

हा लाभ अंकांत मांडता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पुढे काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही दीडएक सेकंद लागतो. तेवढ्यात ३३ मीटर संपले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी सुमारे ४० मीटर. बेरीज ७३. आता डिपरचा उजेड साधारण ५०-६० मीटरच पडतो. म्हणजे रात्री डिपरवर ताशी ८० ने जाणारा माणूस पुढचा रस्ता उधारीवर वापरीत असतो, आणि बहुतेक रात्री ही उधारी कोणी मागायला येत नाही म्हणून त्याची सवय होते. यंत्राचा प्रतिसाद अर्ध्या सेकंदात आला असे धरले तर ११ आणि ४० मिळून ५१ मीटर. बचत २२ मीटरांची. तेवढ्या अंतरात साधु-साध्वींचा एक संघ सहज मावतो.

तेव्हा यंत्राला दारातूनच परत पाठविण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ते पाहते म्हणजे नेमके काय करते.

आपल्याकडे साधुचर्येतील पाच समितींत पहिली ईर्यासमिती आहे. चार हात, काही परंपरांत साडेतीन हात, पुढची भूमी पाहून, दिवसाच्या प्रकाशात, जीवजंतूंना इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, हे तिचे स्वरूप. लहानपणापासून ऐकलेल्या या नियमात अभियंत्यांनी उचलावे असे दोन विचार आहेत. पहिला उघड आहे: जेवढे दिसते, तेवढाच वेग. दुसरा चटकन लक्षात येत नाही. समोर हलले ते मुंगीमुळे की वाऱ्याने, याचा निर्णय होईपर्यंत साधू पाऊल पुढे टाकीत राहत नाही. पाऊल आधी थांबते, ओळख नंतर पटते. आणि ओळख पटलीच नाही तरी त्यावाचून काही अडत नाही.

हा क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, हे १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी या शहरी दिसले. उबर कंपनीची स्वयंचलित मोटार चाचणीसाठी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावत होती. ४९ वर्षांची एक महिला सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. तेथे पादचाऱ्यांसाठी आखलेले पट्टे नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे जो तपास केला, त्यात असे आढळले की गाडीच्या सेन्सरना ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. त्या वेगाला हे अंतर शंभर मीटरांहून अधिक होते, म्हणजे वरच्या हिशेबाने थांबण्यास मुबलक. तरी गाडी थांबली नाही. कारण संगणक तिला नाव देण्यात गुंतला होता. कधी त्याने तिला वाहन म्हटले, कधी 'इतर' वस्तू, कधी सायकल. नाव बदलले की आधीच्या क्षणांची नोंद पुसली जाई आणि ती कोठे चालली आहे याचा अंदाज पुन्हा शून्यापासून सुरू होई. आखलेल्या पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या संगणकाला शिकविलेलेच नव्हते. धडक अटळ असल्याचे त्याच्या ध्यानात आले तेव्हा सव्वा सेकंद उरला होता, आणि त्यातलाही एक सेकंद त्याने रचनेनुसार काहीच न करण्यात घालविला.

आजींनी वर्णिलेला समूह आठवून पाहा. पांढरी वस्त्रे, चाकाची खुर्ची, हातात धरलेली सायकल, महामार्गाची कड. टेम्पीच्या त्या यंत्राला एक बाई आणि एक सायकल यांचा मेळ बसविता आला नाही; हा मेळ त्याहून कितीतरी अवघड आहे.

त्या एका सेकंदाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो निष्काळजीपणाने राहून गेलेला नव्हता, विचारपूर्वक ठेवलेला होता. प्रत्येक सावलीला आणि उडत्या कागदाला गाडी जोराने थांबू लागली, तर आतले प्रवासी बेजार होतात आणि मागचे वाहन येऊन आदळते. तेव्हा खोट्या इशाऱ्यांचा त्रास टाळण्यासाठी यंत्राला सेकंदभर खात्री करून घेण्याची सवलत दिली गेली. मोटारीचा मूळ निर्मात्याने बसविलेला स्वयंचलित ब्रेकही चाचणीच्या वेळी बंद ठेवला होता. मी ज्या एका शाखेत होतो, तेथील धोक्याचा भोंगा पालीमुळे वाजत असे. चार रात्री पोलीस येऊन गेले, पाचव्या दिवशी कोणीतरी भोंग्याची तार काढून ठेवली. तार काढणारा दुष्ट नव्हता. त्याला झोप हवी होती. सुरक्षेची साधने अशीच बंद पडतात. म्हणून चांगल्या रचनेत खोटा इशारा आणि हुकलेला इशारा या दोहोंची किंमत आधीच वेगवेगळी मांडावी लागते. विनाकारण थांबल्याने पाच सेकंद गेले, हा एक खर्च. न थांबल्याने जीव गेला, हा दुसरा. दोन्ही एकाच रकान्यात लिहिणारा हिशेबनीस आपण दुकानात ठेवणार नाही.

शंका आली की थांबावे, हे रेल्वेने फार पूर्वीच आत्मसात केले. जुन्या हात-सिग्नलची तार तुटली तर वजनाच्या भाराने तो हात आपोआप धोक्याच्या स्थितीत येई. रुळांतून वाहणारा वीजप्रवाह खंडित झाला की रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा म्हणून येथे गुरुत्वाकर्षणालाच कामाला लावले आहे, आणि त्याची थकबाकी कधी राहत नाही. ज्यांचे ट्रक आहेत त्यांना हे तत्त्व घरचेच वाटेल: एअर गेली की हँडब्रेकची स्प्रिंग चाक धरते. बल्लारशाहच्या पुढे दक्षिण मध्य रेल्वेचा मुलूख लागतो. तेथेच 'कवच' ही आपली स्वदेशी यंत्रणा प्रथम मोठ्या प्रमाणावर बसविली गेली. चालकाने लाल सिग्नल ओलांडला किंवा वेग आवरला नाही, तर ती स्वतः ब्रेक लावते. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबाद विभागात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले आणि समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरांवर त्यांचे इंजिन यंत्रणेने थांबविले. या यंत्रणेला सुरक्षेची जी सर्वोच्च श्रेणी मिळाली आहे, तिचा अर्थ असा, की धोकादायक बिघाडाची शक्यता ताशी दहा कोटींत एकाहून कमी असावी.

दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून देशातील पहिली चालकविरहित गाडी धावते. हा मार्ग सुरू होण्याआधी, १९ डिसेंबर २०१७ रोजी, चाचणीतील एक गाडी कालिंदी कुंज डेपोची भिंत फोडून बाहेर आली होती. दोष स्वयंचलनाचा नव्हता. देखभालीनंतर ब्रेकची स्थिती न तपासता गाडी हलविली गेली. चालक गेला तरी माणूस जात नाही, तो कारखान्यात आणि देखभालीच्या खड्ड्यात सरकतो, हे अशा वेळी कळते.

पण विमान आकाशात थांबू शकत नाही. तेथे 'शंका आली, उभे राहा' चालत नाही. बिघाड पोटात घेऊन उडत राहावे लागते. म्हणून विमानशास्त्राने दुसरा मार्ग धरला, आणि तो बँकेतील कोणालाही लगेच समजेल. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. दोन्ही किल्ल्या एकाच खिशात गेल्या, की त्या संख्येने दोन आणि गुणाने एक. प्रवासी विमानांचा नियम सांगतो, की सर्वनाश घडविणारा बिघाड उड्डाणाच्या शंभर कोटी तासांत एकदाही होऊ नये इतका दुर्मिळ असावा; शंभर कोटी तास म्हणजे एक लाख चौदा हजार वर्षे. आणि कोणताही एकच बिघाड, तो कितीही विरळा असो, विमान पाडण्यास पुरेसा नसावा. १९८७ मध्ये प्रथम उडालेल्या एअरबस ए-३२० मध्ये उड्डाण-नियंत्रणाचे संगणक दोन भिन्न प्रकारचे घेतले: वेगळे निर्माते, वेगळे प्रोसेसर, वेगळी आज्ञावली. एका गटाच्या हातून झालेली चूक दुसऱ्याच्या हातून त्याच जागी होऊ नये, हा हेतू.

याच्या नेमके उलट बोईंग ७३७ मॅक्स या विमानात घडले. विमानाचे नाक फार वर गेले तर ते खाली दाबणारी एक स्वयंचलित व्यवस्था त्यात बसविली होती. नाकाचा कोन मोजणारे सेन्सर विमानावर दोन होते. ही व्यवस्था मात्र एका वेळी एकाचेच ऐकत असे. दुसरी किल्ली भिंतीवर टांगलेली होती, पण दार एकाच किल्लीने उघडत होते. सेन्सरने चुकीचा कोन सांगितला आणि धडधाकट विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली दाबले गेले. वैमानिकांच्या पुस्तिकेत या व्यवस्थेचा उल्लेखही नव्हता. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७, मिळून ३४६ माणसे गेली. मग जगभर ती विमाने जमिनीवर उभी राहिली. दुरुस्ती काय केली? दोन्ही सेन्सर ताडून पाहायचे, आणि त्यांचे एकमत नसेल तर व्यवस्थेने गप्प बसायचे. कोणत्याही शाखेत सायंकाळी रोकड जुळली नाही तर जे करतात, तेच.

हे इतके साधे होते, तर आधी का सुचले नाही? कारण या व्यवस्थेचा धोका कागदावर खालच्या वर्गात नोंदला गेला होता, आणि खालच्या वर्गाला दोन किल्ल्यांची सक्ती नव्हती. टेम्पीत माणसाचे वर्गीकरण चुकले, येथे जोखमीचे. अनुत्पादक कर्ज वर्षानुवर्षे 'प्रमाणित' या सदराखाली दडविलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या रोगाची ओळख आहे.

तिसरे उदाहरण अधिक विचारात पाडते. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका मानवी चालकाच्या गाडीने एका स्त्रीला उडविले. ती क्रूझ कंपनीच्या चालकविरहित मोटारीपुढे येऊन पडली. मोटारीने ब्रेक लावला, तरी धडक झाली. येथपर्यंत यंत्राला फारसा दोष देता येणार नाही. परंतु गाडीने धडक बाजूने झाली असे समजून, रस्त्यात उभे राहू नये म्हणून कडेला जाण्याचा नियम पाळला. ती स्त्री गाडीखाली होती. सुमारे सहा मीटर ती फरफटत गेली. कडेला होणे एरवी शहाणपणाचे. खाली माणूस आहे की नाही हे ठाऊक नसताना हलणे ही मात्र ईर्यासमितीची उघड विराधना. कंपनीने फरफटीचा भाग अधिकाऱ्यांपुढे प्रारंभी स्पष्टपणे मांडला नाही, तिचा परवाना त्याच महिन्यात स्थगित झाला, आणि पुढच्या वर्षअखेर तिच्या मालक कंपनीने या टॅक्सीसेवेतून अंगच काढून घेतले. लेखापरीक्षकापासून एक पान लपविणाऱ्याची बाकीची पानेही कोणी खरी मानीत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. चंद्रपूर–मूल–गडचिरोली महामार्गावरून पोंभुर्ण्याकडे वळल्यावर रस्त्यावर काय काय भेटते? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या मोहफुले वेचणाऱ्या बाया. डोक्यावर सरपणाची मोळी, त्यामुळे माणसाची आकृतीच बदललेली. सायकलवर आडवे बांधलेले बांबू, म्हणजे सायकल एक हात रुंद आणि अडथळा आठ हात. म्हशींचा कळप, रानडुकरे, चितळ आणि केव्हातरी वाघ. २०१८ च्या नोव्हेंबरात चिचपल्लीच्या जंगलातील रेल्वेमार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले, ते आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर शिकलेल्या यंत्राला यांतील निम्मी दृश्ये अपरिचित असणार.

यावर अभियंत्यांचा प्रामाणिक उपाय म्हणजे मर्यादा आखणे. अमुक शहरातील अमुक रस्ते, अमुक वेग, पाऊस-धुके नसताना. त्याबाहेर यंत्राने चालवायचे नाही. अमेरिकेत ज्या चालकविरहित टॅक्सी आज चालतात, त्या अशाच आखलेल्या क्षेत्रात चालतात. श्रावकाच्या दिग्व्रताहून हे निराळे नाही: दाही दिशांना सीमा घालून घ्यायची आणि तिच्या पलीकडचा व्यवहार सोडून द्यायचा. देशव्रतात ती सीमा काही काळापुरती आणखी आवळायची, तसे यंत्राने पावसाळी रात्री करायचे. दिग्व्रताच्या पाच अतिचारांत आखलेल्या मर्यादेचे विस्मरण हाही एक अतिचार सांगितला आहे, आणि मला तो यंत्रांच्या बाबतीत सर्वांत भयंकर वाटतो. रस्त्यावरचे पट्टे पुसले गेले, कॅमेऱ्यावर चिखल उडाला, तरी आपण सीमेबाहेर आलो हे ज्याला कळत नाही, ते यंत्र निष्पाप आत्मविश्वासाने पुढे जात राहते.

ड्रोनच्या बाबतीत ही मर्यादा अक्षरशः नकाशावर आखलेली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केले. नियंत्रकाशी संपर्क तुटला तर निघालेल्या जागी परत यावे, अशी आज्ञा चांगल्या ड्रोनमध्ये आधीच घातलेली असते. त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने लसीच्या ३०० मात्रा पोहोचविल्या. वीसएक किलोमीटरचे अंतर नऊ-दहा मिनिटांत कापले गेले. गडचिरोलीच्या पावसाळ्यात पुराने तुटणाऱ्या गावांसाठी याचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. आकाशात म्हैस आडवी येत नाही, हा ड्रोनचा मोठा लाभ. रस्त्याचा प्रश्न त्यामुळेच विमानापेक्षाही कठीण आहे.

केवळ गाडी सुधारून हा प्रश्न सुटेल असेही नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा काढून दिल्या आहेत, आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांतून जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. तेथे कोणत्याही चालकाच्या वा यंत्राच्या दृष्टीची परीक्षाच होत नाही. विहारमार्गांवर पायवाटा मागणाऱ्या आपल्या संघांची मागणी याच जातीची आहे, आणि ती मला कोणत्याही सेन्सरपेक्षा स्वस्त वाटते.

"पण चाचण्या करूनच गाड्या विकतात ना?" असे तरुण विचारतात. २०१६ मध्ये अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने याचा हिशेब केला. स्वयंचलित गाडी मानवी चालकाइतकी सुरक्षित आहे, हे केवळ चालवून सिद्ध करायचे, तर एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल चालवावे लागेल. शंभर गाड्या रात्रंदिवस पळविल्या, तरी साडेबारा वर्षे. आणि मध्ये आज्ञावली बदलली, तर पुन्हा प्रारंभ. तात्पर्य, सुरक्षितता शेवटी तपासून आत घालता येत नाही; रचनेच्या पहिल्या दिवसापासून ती जमा करीत जावी लागते.

उरला उत्तरदायित्वाचा प्रश्न. टेम्पीच्या गाडीत देखरेखीसाठी बसलेली कर्मचारी त्या वेळी मोबाईलवर कार्यक्रम पाहत होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. त्या कर्मचारी स्त्रीला २०२३ मध्ये तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तपास मंडळाने मात्र कंपनीच्या ढिल्या सुरक्षा-व्यवस्थेवरही ठपका ठेवला होता. आपले शास्त्र येथे अधिक बारकाईने पाहते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला अग्रस्थान दिले आहे, आणि कृत, कारित, अनुमोदित असे कर्माचे तीन हिस्से मानले आहेत. ब्रेक बंद ठेवण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला, तेथील प्रत्येकाच्या खाती काही ना काही लागते. आणि असे वाहन त्याच्या मर्यादा न विचारता, केवळ शेजाऱ्याकडे आहे म्हणून घेणारा अनुमोदनाच्या रकान्यातून पूर्णपणे सुटतो, असे मला वाटत नाही.

आपले नागपूरचे नितीन गडकरी यांनी चालकांचा रोजगार जाईल या कारणाने चालकविरहित मोटारी देशात येऊ देणार नाही, असे एकाहून अधिक वेळा जाहीरपणे सांगितले आहे. तेव्हा पोंभुर्ण्यात आज जे विकत मिळते, ते केवळ चालकाचे साहाय्यक आहे. ब्रेक त्याने लावला तरी दायित्व चालकाचेच. विक्रेत्याच्या तोंडी असलेला 'आपोआप' हा शब्द या ठिकाणी काढून ठेवावा आणि गाडीसोबत येणारी जाड पुस्तिका उघडावी. ही व्यवस्था कोणत्या वेगापर्यंत चालते, अंधारात माणूस ओळखते का, चाकाची खुर्ची, हातगाडी, जनावर ओळखते का, कॅमेरा झाकला गेल्यास चालकाला कसे कळविते, हे त्यात बहुधा बारीक अक्षरांत दिलेले असते. माहितीपत्रकात जे मोठ्या अक्षरांत आहे, त्याहून हे महत्त्वाचे. कर्जाच्या कागदांनाही हाच नियम लागू पडतो, पण तो विषय आज नको.

आणखी एक गोष्ट विहारसेवा करणाऱ्या मंडळांसाठी मुद्दाम सांगायची आहे. स्वयंसेवकांना आपण उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे देतो. मानवी चालकाला ती दुरून दिसतात, आणि आपल्या रस्त्यांवर आज चालक माणूसच आहे, म्हणून ती दिलीच पाहिजेत. मात्र अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये तीन कंपन्यांच्या मोटारींची अंधारात चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा निराळेच आढळले. चमकत्या पट्ट्यांचे कपडे घातलेला पुतळा समोर असता दोन मोटारींनी वेग कमीच केला नाही. तिसरी मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी वेळेत थांबली. माणसाच्या डोळ्याला जे अधिक स्पष्ट, ते काही यंत्रांच्या डोळ्याला माणसासारखे दिसेनासे होते. तेव्हा केवळ जाकिटांवर विसंबू नये. पुढे आणि मागे प्रत्येकी एकाच्या हाती लुकलुकणारा दिवा असावा, खुर्चीच्या मागच्या बाजूलाही एक दिवा बांधावा, आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने संघाने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतील. दिवे त्याआधी घेऊन ठेवावेत, चारपाचशे रुपयांच्या वर खर्च नाही.

अशा गाडीने अपघात झाल्यास विम्याचा दावा कोणाविरुद्ध आणि कसा करावा, असे दोन वाचकांनी विचारले आहे. त्याविषयी पुढील अंकी.